वर मिक्सर चालू होता

ताई, तुझ्या खोलीत झोपतेय मी. अदितीनं चादरी बदलून दिल्या, पण उशी तुझीच आहे, आणि कपाट उघडलं की तुझ्या त्या बामचा वास अंगावर येतो. तेरावं झालं तरी मी ब्रॉसार्डला माझ्या घरी परत गेले नाही, म्हणून ह्यांचे रोज फोन. ह्यांना वाटतं मी इथं केंब्रिजमध्ये रडत बसलेय. रडत नाहीये. तुझ्याशी भांडतेय. आपलं भांडण अर्धवट टाकून गेलीस तू, आणि मधेच उठून जायची तुझी सवय मला लहानपणापासून पाठ आहे. कॅरममध्ये हरायला लागलीस की तुला नेमकी तहान लागायची.

निखिलच्या वकीलबाईंनी मला मागच्या आठवड्यात झूमवर विचारलं, तुमची बहीण कशी होती? म्हटलं, हट्टी. त्या हसल्या, पण लिहून काही घेतलं नाही. त्यांना तसलं काही नको होतं. त्यांना हवं होतं की आई मुलाची वाट बघत बघत गेली.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा पहिल्यापासून सांगते, कारण आता तुला पाणी प्यायला उठता येत नाही. त्या हिवाळ्यात, पहिला मोठा बर्फ पडला त्या संध्याकाळी, ह्याच घराच्या बेसमेंटमध्ये तुझ्या मुलानं, निखिलनं, आपल्या बायकोला हातोडीनं मारलं. हे वाक्य मी आजवर कधी पूर्ण उच्चारलं नव्हतं. आपण सगळे ‘ते झालं तेव्हा’ एवढंच म्हणायचो, जसं काही पाईप फुटला होता. अदितीचा डावा डोळा गेला. तू ओरडत बाहेर पळालीस, म्हणून शेजारचे पोर्तुगीज आजोबा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता तसेच आत धावले, तर निखिलनं त्यांचाही हात आणि बरगड्या मोडल्या. पोलिसांना फोन तूच केलास. निखिलनं गुन्हा कबूल केला, त्यामुळे खटला असा चाललाच नाही. दोन्हीकडच्या वकिलांनी मिळून जी हकीगत कोर्टापुढे ठेवली तिच्यात ती एकच संध्याकाळ होती. जज म्हणाले, या माणसानं यापूर्वी कधी हात उगारल्याचं आमच्यासमोर आलेलं नाही, पण जे केलं ते भयंकर आहे. खुनाचा प्रयत्न आणि त्या आजोबांना केलेली गंभीर दुखापत, दोन्ही मिळून चौदा वर्षं.

चौदा जास्त आहेत असं मी तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवरच म्हटलं होतं. तू मफलर गुंडाळत होतीस. तू म्हणालीस, गाडी कुठं लावलीयस?

दाजी गेले तेव्हा निखू पहिलीत होता. मी पुण्याहून इथं शिकायला आले आणि तुझ्याकडे राहिले. तू कारखान्यात शिफ्टला, आणि मी त्याला स्नोसूटमध्ये कोंबून शाळेच्या बसपर्यंत सोडायची. बूट उलटे घातले की रडायचा. चित्रातल्या वाघालासुद्धा घाबरायचा गं तो. माझ्या डोळ्यांसमोर तोच मुलगा होता, आणि त्याच्यासाठी मी अपिलाच्या मागे लागले. वकीलबाई मी शोधल्या, कागदपत्रं मी मिळवली, ह्यांच्याशी वाद मी घातला. हे म्हणाले होते, विजू, तू त्या पोरीचा चेहरा बघितलास का? बघितला होता, ताई. पण म्हणून माझं त्याच्यावरचं प्रेम बंद होईना. ते कुठल्या बटणावर चालतं ते मला अजून सापडलेलं नाही.

वकीलबाईंनी तेव्हाच नीट समजावलं होतं. वरचं कोर्ट सगळं पहिल्यापासून ऐकत नाही. खालच्या जजचं काही चुकलंय का, शिक्षा अवाजवी आहे का, एवढंच बघतं. निखिल दोषी आहे की नाही हा प्रश्नच नाही, ते त्यानं स्वतःच कबूल केलंय. प्रश्न फक्त वर्षांचा. पण घरातल्या कुणी शपथेवर सांगितलं की हा मुलगा असा नव्हता, आम्ही त्याच्या पाठीशी आहोत, बाहेर आल्यावर त्याला घर आहे, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. आणि घरातलं माणूस म्हणजे कोण? तू. त्यांच्याबरोबर त्याच घरात राहणारी आई. मला वाटलं, झालंच काम.

तू नाही म्हणालीस. चहाचं भांडं घासत होतीस, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, तुझा पोटचा गोळा आहे. म्हटलं, अपील करणं हा त्याचा हक्क आहे, खुन्यालासुद्धा असतो. तू म्हणालीस, आहे ना हक्क, मी कुठं नाही म्हणते, करू दे की त्यानं. मग मी तोंडाला येईल ते बोलले. तू दगड आहेस म्हटलं. सुनेच्या घरात राहायला मिळावं म्हणून मुलाला सोडलंस असंही म्हटलं, आणि ते म्हणताना मला मजा वाटत होती, कारण तू निदान चिडशील तरी असं वाटलं. तू नळ बंद केलास आणि वळलीस.

“विजू, मला शपथेवर उभं करू नकोस. मी बोलायला लागले तर कुठं थांबायचं ते मला कळणार नाही.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारपण, म्हटलं. जीव घाबरत असेल इंग्रजीतून बोलायला.

आता तुझ्या कानांबद्दल बोलू. तू कारखान्यात दारं ऐकायचीस. कुणाला सांगितलं तर हसायचे लोक, पण खरंच तुझं तेच काम होतं. लाइनच्या शेवटी उभं राहायचं, नवी कोरी गाडी आली की तिचं दार लावायचं आणि आवाज ऐकायचा. एक दार बरोबर लागलं आणि दुसरं जरा पोकळ वाजलं, तर तू खडूची खूण करून ती गाडी परत पाठवायचीस. माझ्या गाडीत बसलीस की दोन चौक जायच्या आत म्हणायचीस, मागं डावीकडे काहीतरी सैल झालंय. मला ढिम्म ऐकू यायचं नाही. गॅरेजवाल्याला सापडायचं. देवानं तुला कान दिलेत की मायक्रोफोन, असं मी चिडवायची.

आणि तुझा मिक्सर. ते होण्याआधी मी जेव्हा जेव्हा इथं आले, तेव्हा तो चालूच असायचा. दाण्याचं कूट, खोबऱ्याची चटणी, लसणाची, कारळाची. जेवायला तीन माणसं आणि एक चिमुरडी, आणि कूट मात्र गावजेवणाचं. मी म्हणायची, ताई, दुकान टाक. परत जाताना तू माझ्या गाडीत पिशव्या भरून द्यायचीस. ब्रॉसार्डला माझ्या फ्रीझरमध्ये अजून तुझं कूट आहे. मी ते शेजारच्या फ्रेंच बाईलासुद्धा वाटलंय. तिला फार आवडलं.

ते झाल्यावर मिक्सर कपाटात गेला. तू खलबत्त्यात कुटायला लागलीस, थोडं थोडं, हळू. मी विचारलं नाही. तू पोलिसांना सांगितलं होतंस की वर मिक्सर चालू होता, म्हणून आधी काही ऐकू आलं नाही, बंद केला तेव्हा ओरडणं ऐकू आलं. मी म्हटलं, साहजिकच आहे. त्या यंत्राकडे बघवत नसेल बिचारीला.

हॉस्पिटलमधला तो शेवटचा दिवस. न्यूमोनियानं तुझा श्वास वाजत होता आणि तू डोळे मिटून एकच म्हणत होतीस, बंद कर, बंद कर ते. मी नर्सला बोलावलं. तिनं मॉनिटरचा आवाज घालवला, मग शेजारच्या पडद्यामागचा टीव्ही घालवला. खोलीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. तरी तू म्हणत होतीस. तुझ्या हाताचा अंगठा पांघरुणावर काहीतरी फिरवत होता, पुन्हा पुन्हा, उजवीकडून डावीकडे. अदिती तुझ्या पायाशी उभी होती. तिनं पुढं होऊन तो अंगठा आपल्या मुठीत धरला आणि तुझ्या कानाशी म्हणाली, झाला बंद, आई. मग तू शांत झालीस. मला वाटलं, किती गुणाची सून, भ्रमातल्या माणसाची समजूत काढतेय.

तुला अग्नी कुणी द्यायचा हे भटजींनी विचारलं तेव्हा हॉलमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मुलगा तुरुंगातून स्क्रीनवर बघत होता, तोही तुटक तुटक, मधेच तोंड उघडं ठेवून थिजायचा. अदिती पुढं आली. इथं चिता कसली, बटण असतं. तिनं ते दाबलं, आणि दाबल्यावर लगेच हात काढला नाही. मराठी मंडळातल्या बायका मागं कुजबुजल्या. मी वळून बघितलं तशा गप्प झाल्या.

आता परवाचं. सकाळपासून बर्फ होता, शाळा बंद, तुझी नात इरा घरी. अदिती वर खोलीत दार लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. मला सही करायला जायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी. हो, सही. तू नाही म्हणालीस, आणि आता तू नाहीस, म्हणून तुझ्या जागी मी शपथ घेणार होते. मजकूर वकीलबाईंनी वाचून दाखवला होता. मी निखिलला लहानपणापासून ओळखते, त्याच्या घरी नेहमी जात असे, त्यानं घरात कधी कुणावर आवाज चढवल्याचं मला माहीत नाही. आई त्याची वाट पाहत वारली. मी म्हटलं, सगळं खरं आहे. वकीलबाईंनी एवढंच बजावलं की सरकारी वकील मला उलट प्रश्न विचारू शकतात. विचारू देत, म्हटलं, मी काय घाबरते?

करायला काही नव्हतं म्हणून मी तुझं स्वयंपाकघर झाडायला घेतलं. ओट्याच्या कोपऱ्यात, जिथं तुझा मिक्सर असायचा त्याच्या बरोबर खाली जमिनीवर, रबराची चटई दुमडून ठेवलेली. उचलायला गेले तर उचलेना. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली, थरावर थर. मी सुरीनं सोडवली. खाली हीटिंगची जाळी. म्हटलं, एवढ्या थंडीत व्हेंट बंद करून ठेवलंय, वेडी की काय ही बाई. गरम हवेचा झोत पायावर आला. आणि त्याच्याबरोबर आवाज आला.

 जमिनीतून कुणीतरी बोलत होतं. माझ्या पावलांपाशी, इतकं जवळ की मी मागं सरले. मग ओळखलं, इरा होती. ती खाली बेसमेंटमध्ये बाहुल्या घेऊन बसली होती. तो बेसमेंट आता ओळखू येत नाही, नवा गालिचा, पिवळा रंग. लेकरू आहे ते, त्याला खेळायला जागा लागते. तिचं एकेक अक्षर स्पष्ट येत होतं. बाहुलीच्या कपड्याचं बटण लागलं तेसुद्धा ऐकू आलं, मला, जिला गाडीतला खडखडाट ऐकू येत नाही.

ती बाहुलीला समजावत होती.

“डॅडी इज गेटिंग लाउड नाऊ. इट्स ओके. आजी विल मेक चटणी.”

आणि मग तिनं तोंडानं तो आवाज काढला. घर्रर्र. मधे थांबली, श्वास घेतला, पुन्हा घर्रर्र. बराच वेळ.

मी तिथंच खाली बसले. सुरी हातात तशीच. मला उठून तिला हाक मारायचं होतं आणि माझ्या तोंडातून हाक निघेना, कारण मला वाटलं आपण इथं बोललो तर खाली ऐकू जाईल. मग ती खेळता खेळता दुसऱ्याच गोष्टीवर गेली, तिच्या बाहुल्यांचं लग्न लागलं, आणि मी अजून तुझ्या त्या कोपऱ्यात बसलेली. समोर भिंतीवर मिक्सरचा प्लग जिथं लागायचा तिथं बोटांचे डाग आहेत. मी ते डाग इतकी वर्षं बघत आले होते.

अदितीला मी संध्याकाळी चहाला विचारलं. फिरवून फिरवून विचारायचं ठरवलं होतं, पण तिनं जाळीकडे बघितलं, उघडी पडलेली चिकटपट्टी बघितली, आणि मला काही विचारावं लागलं नाही. चटई नंतरची आहे, म्हणाली. आधी ते उघडंच असायचं. आईंनी ती नंतर लावली, इरा खाली खेळायला लागल्यावर. आधी म्हणजे किती आधीपासून, ते मी विचारलं. इराच्या जन्माच्याही आधीपासून, मावशी. हातोडी नव्हती, पण बाकी सगळं होतं.

तिनं हे सांगताना आवाज जरासुद्धा वर नेला नाही. तिच्या चांगल्या डोळ्यानं ती माझ्याकडे बघत होती आणि दुसरा माझ्या खांद्यावरून कुठंतरी मागं. मला सारखं वाटत होतं की माझ्या मागं तू उभी आहेस.

“मिक्सर लागला की मला कळायचं, आज कुणी खाली येणार नाही,” ती म्हणाली. “त्या दिवशी तो मधेच बंद झाला. निखिलपण थांबला. त्याला काही कळेना. त्यानं वर बघितलं, छताकडे. मग जिन्यावर आईंचे पाय दिसले.”

म्हणून ती आज जिवंत आहे, असं ती म्हणाली. ते पाय दिसले म्हणून.

मी विचारलं, हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस? सांगितलं होतं, म्हणाली. सरकारी वकील म्हणाले होते, तो त्या संध्याकाळचं कबूल करतोय. मागचं सगळं सिद्ध करायचं तर सासूबाईंना साक्षीला बोलवावं लागेल, घरात दुसरं मोठं माणूस कुणी नव्हतं. अदिती म्हणाली, राहू दे. तुला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायला नको म्हणून तिनं आपली मागची वर्षं सोडून दिली. आणि तू तिच्याकडेच राहिलीस, तिच्या डोळ्यात औषध घातलंस, इराच्या वेण्या घातल्यास, आणि दोघींनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. कशा राहिलात गं एका घरात, मी तिला विचारलं. तिनं खांदे उडवले. ती म्हणाली, जे झालं ते माझ्याशिवाय फक्त त्यांनाच माहीत होतं, मग मी दुसऱ्या कुणाजवळ जाणार होते?

ताई, मला तुझा इतका राग आला. मेलेल्या माणसाचा असा राग येतो हे मला माहीत नव्हतं. तुझ्या खोलीत येऊन मी तुझी उशी भिंतीवर मारली. जिला नव्या गाडीच्या दारातला केसाएवढा फरक ऐकू यायचा, ती वर दाणे दळत उभी. मला आठवेल तेवढ्या वेळा मी या घरात आले, आणि प्रत्येक वेळी तू कूट करत होतीस, आणि मी हसत होते. त्यातल्या किती वेळा? तू सांगणार नाहीस, आणि अदितीला मी विचारणार नाही. ते कूट मी खाल्लं. भाज्यांत घातलं, साबुदाण्यात घातलं. लोकांना वाटलं.

आणि मग, राग उतरल्यावर नाही, रागातच, मला तुझं ते वाक्य समजलं. तू शपथेवर उभी राहिली असतीस तर सरकारी वकिलानं विचारलं असतं, तुम्ही त्याच घरात राहत होतात ना? खरं बोलली असतीस तर निखू संपला असता. जजनं त्याला जी काही सूट दिली होती ती आधीचं काही समोर नाही म्हणूनच. खोटं बोलली असतीस तर अदिती दुसऱ्यांदा मेली असती. मी तुला दगड म्हटलं आणि तू हातातलं भांडं विसळून पालथं घातलंस. तू त्याला वाचवत होतीस की तिला, की फक्त लाज झाकत होतीस? मला वाटतं तुलाही ठाऊक नसावं. पण तुझ्या गप्प बसण्याला मी नाव दिलं होतं ते चूक होतं. आणि त्या दिवशी तू मिक्सर बंद केलास. इतक्या वर्षांनी का होईना, तुझ्या त्या अंगठ्यानं बटण फिरवलं आणि तू तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरलीस, हातोडी असलेल्या माणसासमोर. त्याबद्दल मी तुझ्या पाया पडते. दोन्ही एकाच वेळी करता येतं, ताई. मी करून बघितलंय.

निखिलचा फोन मी या घरात घेत नाही. अदितीपर्यंत त्याचा आवाज पोचू नये असा कोर्टाचा हुकूम आहे, आणि हुकूम नसता तरी घेतला नसता. रविवारी दुपारी मी गाडी काढून नदीकाठच्या पार्किंगमध्ये जाऊन बसते. ग्रँड नदी अजून कडेनं गोठलेली आहे. आधी यंत्रातली बाई इंग्रजीत सांगते की तुम्हाला अमुक तुरुंगातून फोन आहे, आणि नावासाठी सोडलेल्या रिकाम्या जागेत त्याचा स्वतःचा आवाज येतो: निखू. कधीतरी एकदा रेकॉर्ड केलेला, प्रत्येक वेळी तोच, अगदी लहान मुलासारखा खुशीतला. मग खरा तो बोलतो, आणि दोन्ही आवाजांचं एकमेकांशी काही नातं वाटत नाही.

या रविवारी तो तुझ्याबद्दल बोलला. स्क्रीनवर तू नीट दिसली नाहीस म्हणाला. मग म्हणाला, वकील सांगत होत्या, तुझी सही राहिलीय. मी तयारी करून गेले होते, शब्द जुळवून, आणि ते सगळे गेले. मी म्हटलं, निखू, एक विचारते, खरं सांग. तू खाली असायचास आणि वर ती मिक्सर लावायची. तुला काय वाटायचं?

मागं कुठंतरी लोखंडी दार लागलं. तुला ते कसं वाटलं असतं कुणास ठाऊक, मला पोकळ वाटलं. मला हे कसं कळलं असं त्यानं विचारलं नाही. 

“मला वाटायचं, तिला चालतंय,” तो म्हणाला.

तो हे उर्मटपणे म्हणाला नाही गं. बूट उलटे घालून माझ्याकडे बघायचा ना, कुठं चुकलं ते न कळून, तसं म्हणाला.  

मी त्याला सांगितलं की मी सही करणार नाही. अपील तुझं आहे, तुझा हक्क आहे, तू लढ. चौदा जास्त आहेत असं मला अजून वाटतं आणि कुणी मला एवढंच विचारलं तर एवढंच सांगेन. जजचं कायद्यात काही चुकलं असेल तर वकीलबाई ते मांडतील, आणि वरचं कोर्ट देईल तो निकाल देईल. पण तू कधी आवाज चढवला नाहीस असं मी देवाशपथ म्हणणार नाही, आणि तुझी आई त्या कागदात असणार नाही. ती वाट बघत गेली असंही नाही. तिला मधे आणू नकोस. तो रडत होता. ओके मावशी, ओके, म्हणत होता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, तेसुद्धा तुझ्यापासून लपवत नाही.

यंत्रातल्या बाईनं वेळ संपत आल्याचं सांगितलं. मी घाईघाईत म्हटलं, आणि ऐक, निखू. तिला चालत नव्हतं.

त्यानं विचारलं, “ती म्हणाली असं? तुला?”

मी म्हटलं, हो. पुष्कळदा.

फोन तुटला.  त्याच्यासाठी शपथेवर एक खोटं वाक्य बोलायचं नाही म्हणून मी पाय रोवून उभी राहिले, आणि दोन मिनिटांत तुझ्यासाठी बोलले. तो आता त्या वाक्यावर पुढची वर्षं काढेल. कदाचित त्यानंच माणूस होईल, कदाचित त्यानंच मोडेल.

तू असं कधीच म्हणाली नव्हतीस, ताई. एकदाही नाही.